भिंगरीचा नियमित वाचक

आमच्या साडूला खुर्ची देऊन काही उपयोग नसतो. तो बसतो म्हणजे काठावर टेकतो, टेकतो म्हणजे पाय हलवतो, आणि पाय हलवता हलवता उठून तुमच्या खिडकीची कडी घट्ट करायला लागतो. आमच्या घरातल्या कड्या, बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्या आजवर त्याच्या अस्वस्थपणावरच धड चालल्या आहेत. सासरेबुवांनी लग्न ठरतानाच त्याचं नाव भिंगरी ठेवलं. ‘‘मुलगा पसंत आहे,’’ म्हणाले, ‘‘फक्त सही होईपर्यंत कुणीतरी त्याचा हात धरून ठेवा.’’

भिंगरी लिफ्ट दुरुस्त करतो. अशा माणसाला दुसरा कुठला धंदा मानवला असता? दिवसभर वर आणि खाली. ग्रीसने काळी झालेली नखं, कमरेला पान्यांची पिशवी, खिशात वाजत असलेला फोन, आणि एका इमारतीत उभं राहून दुसऱ्या इमारतीची काळजी.

पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आत माणूस असला, की हा बदलतो. वर मशीनच्या खोलीत त्याचा जोडीदार हाताने चाक फिरवून लिफ्ट हळूहळू मजल्याला आणत असतो, आणि भिंगरी बंद दाराला खांदा लावून आतल्या माणसाशी बोलत उभा राहतो. ही त्याची स्वतःची पद्धत. कंपनीने शिकवलेली नाही. ‘‘मी आलोय हो,’’ तो म्हणतो. ‘‘आता घाबरायचं काम माझ्याकडे. तुम्ही फक्त सांगा, आज डब्यात काय होतं?’’ आतला माणूस आधी ओरडतो, मग रडवेला होतो, मग डब्यात काय होतं ते सांगतो, आणि दार उघडेपर्यंत आपल्या सुनेबद्दल दोन गोष्टी सांगून मोकळा झालेला असतो. तेवढा वेळ भिंगरीचा पायसुद्धा हलत नाही. मी स्वतः पाहिलंय. आमच्याच इमारतीत मी अडकलो होतो तेव्हा. म्हणजे पाहिलं नाही, ऐकलं.

या गोष्टी तो रात्री जेवताना घरी सांगायचा, आणि त्याची लेक हात सुकेपर्यंत ताटावरून उठायची नाही. तीच लेक शिकून मोठी झाली आणि नोकरीला एका मोठ्या शहरात गेली. मग उरला फोन. भिंगरी फोनवर म्हणजे अगदी दगड.

‘‘जेवलीस?’’

‘‘हो बाबा.’’

‘‘पाणी येतं ना खोलीवर?’’

‘‘येतं.’’

‘‘बरं. आईला देतो.’’

एकदा सुट्टी संपवून निघताना पोरीनेच त्याला ब्लॉग काढून दिला. साधं पांढरं पान, वर नाव ‘दाराबाहेरून’. म्हणाली, ‘‘बाबा, फोन कानाला लावला की तुला बोलता येत नाही. मधे बंद दार असलं की येतं. मग हे घे बंद दार. तू इकडून लिही, मी पलीकडून वाचेन.’’

‘मी वाचेन’ हे दोन शब्द भिंगरीने काळजावर कोरून घेतले. आणि लिहायचं सोडून बाकी सगळं सुरू केलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. लेक वाचणार, तर घर नको का नीट लावायला? आधी पांढरं पान त्याला दवाखान्यासारखं वाटलं. मग त्याने तयार नमुने बघायला घेतले. एकात बाजूला पट्टी होती, एकात वर पट्टी होती, एकात पट्टी कुठे होती तेच सापडत नव्हतं. हिरवा झाला, करडा झाला, मधे एक आठवडा ब्लॉग इतका काळा होता की माझ्या मेहुणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं, ‘‘कुणी गेलं का?’’ अक्षरं बदलली. आधीची फार बारीक, नंतरची फार लठ्ठ. मग त्याने ‘माझ्याविषयी’ नावाचं पान लिहायला घेतलं. ते लिहून झालं की त्याला वाटायचं हा माणूस फार गंभीर आहे. खोडून लिहिलं की वाटायचं हा फारच पांचट आहे. मी एकदा म्हटलं, ‘‘साडूभाऊ, दोन्ही तुम्हीच आहात. एकाखाली एक टाका.’’ रागावून आमच्या नळाकडे गेला.

शिवाय ब्लॉग कसा चालवावा याचे सल्ले देणारे लोक जगात किती आहेत, हे मला त्याच्यामुळे कळलं. भिंगरी दोन मजल्यांच्या मधल्या वेळात ते सल्ले वाचायचा आणि आमच्याकडे येऊन सुनवायचा.

‘‘साडूभाऊ, फोटो हलके करून टाकावेत. जड फोटोने पान उघडायला वेळ लागतो.’’

‘‘बरं.’’

‘‘लेखाची प्रत दुसरीकडेही ठेवावी. उडालं तर?’’

‘‘आधी लेख लिहा. मग उडण्याचं बघू.’’

‘‘वाचक आला की लगेच त्याचा ईमेल मागावा.’’

हा सल्ला त्याने तत्परतेने अमलात आणला. पान उघडलं की मधोमध एक चौकट उगवायची, ‘आमच्या परिवारात सामील व्हा.’ ती बंद करायची फुली इतकी बारीक होती की खुद्द भिंगरीलाच सापडेना. शेवटी आपल्याच ब्लॉगवर जाण्यासाठी तो आपल्याच परिवारात सामील झाला.

मेहुणी हे सगळं बघत होती. ती शिवणकाम करते आणि जीभही कात्रीसारखीच चालवते. ‘‘भाऊजी,’’ ती मला म्हणाली, ‘‘यांनी ताटं मांडली, पाट मांडले, पंखा लावला. स्वयंपाकाचा पत्ता नाही.’’

नावाचंही तसंच. ‘दाराबाहेरून’ त्याला काही दिवस बरं वाटलं. मग कुठेतरी वाचलं, की नाव छोटं आणि लक्षात राहणारं असावं. झालं. ब्लॉग ‘अधांतरी’ झाला. मग त्याला अधांतरी फार उदास वाटला, म्हणून ‘वर-खाली’. मग एका शनिवारी ‘कितवा मजला?’, प्रश्नचिन्हासकट. आणि भिंगरी काही अर्धवट काम करणारा नव्हे. नुसती पाटी बदलून त्याचं समाधान होत नसे. नाव बदललं की पत्ताही बदलायचा. पाटीवर एक आणि पत्त्यात दुसरंच, हे त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. लिफ्टमधल्या बटणावर जो आकडा, त्याच मजल्यावर दार उघडलं पाहिजे. नाहीतर माणूस चुकतो.

मी हे सगळं ऐकत होतो आणि मान डोलावत होतो. माझ्या डोक्यातही काही प्रकाश पडला नाही. मी तरी काय लिफ्टवाला?

मग त्याने वाचक मोजायचं यंत्र बसवलं. यंत्र म्हणजे ब्लॉगलाच जोडलेलं एक पान: किती जण आले, कुठल्या शहरातून आले, काय उघडलं. पहिल्याच दिवशी तो धावत आला, चपला न काढता.

‘‘आली!’’

‘‘कोण?’’

‘‘कोण काय? लेक! हे बघा. एक वाचक. शहर बघा कुठलं.’’

शहर तिचंच होतं.

‘‘आणि साडूभाऊ, वेळ बघा. मी नेमका जेव्हा उघडतो ना, तेव्हाच तीही उघडते. सकाळी जिन्यात असताना मी उघडला, तिने उघडला. दुपारी डबा खाताना मी, की तीही. याला काय म्हणाल?’’

‘‘रक्ताचं नातं,’’ मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून मात्र भिंगरी खरोखर लिहायला लागला. जिन्याच्या पायरीवर टेकून, मोबाईलवर, एका अंगठ्याने. आणि छान लिहायचा हो. एक लेख मला अजून आठवतो. एका मजल्यावरच्या दोन शेजारणी, वाळत घातलेल्या कपड्यांवरून वर्षानुवर्षं अबोला, नेमक्या एकत्र अडकल्या. हा बाहेर उभा. आतून पहिली म्हणते, ‘‘त्यांना सांगा, माझ्या पायावर उभ्या आहेत.’’ हा म्हणतो, ‘‘बाई, त्या तुमच्या शेजारीच आहेत.’’ ‘‘तुम्ही सांगा.’’ हा दारातून ओरडून सांगतो. दुसरी म्हणते, ‘‘त्यांना विचारा, पाय ठेवायला जागा तरी ठेवलीय का? पिशव्या केवढ्या!’’ हा पहिलीला विचारतो. असा सगळा पत्रव्यवहार लिफ्टच्या आतून बाहेर आणि बाहेरून परत आत. त्याच्याच मोबाईलवर वाचताना मी हसून खोकलो. पण लेखाचा शेवट असा होता: ‘मग चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली. बाकी तांत्रिक आहे.’ कारण तेवढ्यात दुसऱ्या इमारतीचा फोन आला असणार. त्याचे सगळे लेख असेच संपायचे. बाकी तांत्रिक आहे.

वाचक रोज येत होता. दिवसातून अनेकदा येत होता. पण फोनवर लेक अवाक्षर काढत नव्हती. जेवलीस, हो, पाणी येतं का, येतं. भिंगरीला चैन पडेना.

‘‘वाचते, पण बोलत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आवडत नसेल का?’’

‘‘विचारा की तिला.’’

‘‘छे! विचारलं की ती म्हणणार आवडतं. मग खरं कसं कळायचं?’’ उठला, बसला, पुन्हा उठला. ‘‘बापावर गेलीय. मनातलं बोलत नाही.’’

‘‘बापावर गेली असती,’’ मेहुणी मशीनवरून मान न वळवता म्हणाली, ‘‘तर मनातलं सोडून सगळं बोलली असती.’’

मग त्याने ठरवलं की चूक ब्लॉगची आहे. अभिप्रायाची चौकट दिसत नसेल, म्हणून ती मोठी केली. मग लाल केली. मग खाली लिहिलं, ‘मोकळेपणाने लिहा.’ तरी काही येईना, तेव्हा ‘दोन शब्द तरी लिहा.’ त्यात इतका जीव होता की मला ते वाचवेना. लेखही बदलत गेले. आधी तो दारापलीकडच्या माणसांबद्दल लिहायचा; आता त्यात मधेच ‘आजकालच्या मुलांना वेळ नसतो, हे खरंच आहे’ अशी वाक्यं घुसायला लागली. आणि नाव? नाव पुन्हा बदललं. आता ‘कुणी आहे का आत?’

एका रविवारी सकाळी तो आमच्याकडे होता. एक डोळा मोबाईलवर. ‘‘थांबा, थांबा, बघा हं,’’ म्हणाला आणि ब्लॉग उघडला. मग दुसऱ्या पानावर जाऊन यंत्र उघडलं. ‘‘आली बघा! आत्ता, या क्षणी!’’ आनंदाने त्याने पुन्हा ब्लॉग उघडला, पुन्हा यंत्र बघितलं. ‘‘परत आली!’’ पुन्हा उघडला. ‘‘अरे, आज सुट्टी आहे ना तिला!’’

चहाचा कप हातात तसाच. माझ्यासारख्या मठ्ठालासुद्धा आता दिसत होतं, की हा दार ठोठावतोय आणि आतून हाच ‘कोण आहे’ म्हणतोय. पण मग शहर? शहर तिचं कसं?

तो गेल्यावर मी भाचीला फोन लावला. आडवळणाने सुरुवात केली, पण मला आडवळण जमत नाही.

‘‘काय गं, बाबाचा ब्लॉग वाचतेस का?’’

‘‘काका, तो बंद केला ना त्याने?’’

‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘सांगायला कशाला हवं? सुरुवातीला मी रोज उघडत होते. नुसते रंग बदलत होते, लिहिलेलं काहीच नाही. मग एक दिवस आलं, हे पान सापडत नाही. दुसऱ्या दिवशी पण तेच. महिनाभर बघत होते मी, काका. म्हटलं कंटाळला. त्याचं काय, आज हे उद्या ते. विचारलं तर वाईट वाटेल, म्हणून विषयच काढला नाही.’’

मग मी तिला सगळं सांगितलं. यंत्र, शहर, नियमित वाचक, लाल चौकट. ती हसेल असं मला वाटलं होतं.

‘‘अहो काका, ते मोबाईलवरून उघडतो ना तो? त्या मोबाईल कंपनीचं केंद्र आमच्या शहरात आहे. घरी बसून उघडलं तरी यंत्राला वाटतं इथूनच कुणीतरी आलं.’’ मग एकदम घाईने, ‘‘पत्ता द्या मला. आत्ता वाचते.’’

मी पत्ता दिला. तिने उघडला. हे पान सापडत नाही. भिंगरीने घरी पोचल्या पोचल्या नाव बदललं होतं.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘शनिवारी मीच येते.’’

तो आठवडा मी कसा काढला ते मला विचारू नका. भिंगरी रोज यायचा, रोज सांगायचा, आज दहादा आली, आज दुपारी जरा कमी आली, बरं नसेल का तिला? आणि मी चष्मा पुसायचो. मेहुणीला मी सांगून टाकलं होतं. तिने मशीन थांबवलं. ते मशीन थांबलेलं मी क्वचित पाहिलंय. ‘‘भाऊजी, पोरीला म्हणावं, वाचलंय म्हणून सांग. काय बिघडतं?’’ मलाही ते पटलं. शनिवारी स्टँडवर भाचीला घ्यायला गेलो तेव्हा मी तसं सुचवलंही.

‘‘आणि बाबाने विचारलं, कुठला आवडला, तर?’’

‘‘शेजारणींचा सांग.’’

‘‘काका, बंद दाराशी उभं राहून तो लोकांना कधी खोटं सांगतो का? दोन मिनिटांत काढतो म्हणून? नाही सांगत. वेळ लागेल म्हणतो. मीही नाही सांगणार.’’

मी तिची बॅग उचलली आणि चालायला लागलो.

घरी भिंगरी दारातच उभा होता, म्हणजे दार, जिना आणि गॅलरी यांत वाटून उभा होता. बॅग घेतली, ठेवली, पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवली. ‘‘जेवलीस?’’ वगैरे झालं. आणि मग पोरीने चपला काढता काढताच सांगून टाकलं. पहिला पत्ता, सापडत नाही, कंटाळला असशील असं वाटलं, मोबाईलचं केंद्र. सगळं एका दमात.

भिंगरी ऐकत होता. पाय हलत नव्हता, हात कुठल्या कडीकडे जात नव्हता. मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी राहिली; हात कोरडे झाले तरी पुसतच राहिली.

‘‘म्हणजे तो मीच?’’ भिंगरी म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘डबा खाताना पण?’’

‘‘डबा खाताना पण.’’

‘‘एवढे दिवस मी माझीच वाट बघत होतो, आणि रोज वेळेवर येत होतो.’’ तो हसायला गेला, पण हसू नीट आलं नाही. ‘‘आणि तू महिनाभर बघत होतीस म्हणतेस? रोज?’’

‘‘रोज. बसमधून उतरले की.’’

‘‘मग विचारायचं नाही का गं, गाढवे?’’

‘‘तू विचारलंस?’’

मेहुणीने पोरीपुढे पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

पोरगी खाली बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला. ‘‘पत्ता सांग. आजचा.’’

आणि ती वाचायला लागली, तेव्हा मात्र भिंगरीची भिंगरी पुन्हा सुरू झाली. गॅलरीत गेला. परत आला. तिच्या मागे उभा राहिला. ‘‘कुठपर्यंत आलीस?’’ पाणी प्यायला. ‘‘ते म्हातारबाबा अडकल्याचं झालं का? नाही? त्याआधीचं जरा कंटाळवाणं आहे, ते सोड.’’ तिने सोडलं नाही. ती ज्या जागी हसायला हवी होती तिथे हसली नाही, आणि जिथे हसण्यासारखं काही नव्हतं तिथे फिसकन हसली. तेव्हा तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘‘काय वाचतेय?’’ मी म्हटलं, ‘‘तुमचंच.’’ आजकालच्या मुलांना वेळ नसतो, हे वाक्य आलं असावं; कारण ती थांबली, त्याच्याकडे बघितलं आणि पुढे वाचायला लागली. भिंगरी लगबगीने आमच्याच घराकडे निघाला होता, नळ बघायला. मेहुणीने त्याचा शर्ट धरून ठेवला.

शेजारणींच्या लेखाशी ती खळखळून हसली. आणि मग एकदम, ‘‘बाबा! बाकी तांत्रिक आहे म्हणजे काय? दार उघडल्यावर काय झालं?’’

‘‘काही नाही. दोघी बाहेर आल्या आणि माझ्यावर उखडल्या.’’

‘‘तुझ्यावर? का?’’

‘‘पहिली म्हणाली, एवढ्या लवकर कशाला उघडलंत? आणखी थोडा वेळ थांबला असतात, तर हिने माफी मागितली असती.’’

‘‘आणि दुसरी?’’

‘‘दुसरीही तेच म्हणाली.’’

पोरगी इतकी हसली की लॅपटॉप घसरला. ‘‘आणि हे लिहिलं नाहीस? हे तांत्रिक आहे?’’

‘‘लिहिणार होतो. पण तेव्हा अक्षरांचा आकार जरा…’’

‘‘बाबा, पासवर्ड सांग.’’

‘‘कशाला?’’

‘‘सांग तर.’’

त्याने सांगितला. ती कितीतरी वेळ बटणं दाबत बसली. परिवारात सामील करणारी चौकट गेली. अभिप्रायाची लाल चौकट गेली. सगळे जुने लेख गोळा करून तिने त्या पहिल्या पांढऱ्या पानावर आणून ठेवले आणि जुन्या पत्त्यांवरून कुणी आलं तर ते आपोआप इथे पोचेल अशी काहीतरी सोय केली. मग पासवर्ड बदलला.

‘‘हे बघ. ब्लॉगवर दोन तऱ्हेची माणसं असतात. एक मालक. तो नाव, पत्ता, रंग, सगळं बदलू शकतो. दुसरा लेखक. त्याला फक्त लिहिता येतं. आजपासून मालक मी. तू लेखक.’’

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिला. ‘‘म्हणजे माझ्या ब्लॉगवर मी भाडेकरू?’’

‘‘हो.’’

‘‘खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं?’’

‘‘विचारायचं.’’

‘‘आणि भाडं?’’

‘‘आठवड्याला एक लेख. पूर्ण. शेवटासकट.’’

‘‘अहो साडूभाऊ,’’ तो माझ्याकडे वळला, ‘‘हा अन्याय आहे. तुम्ही काही बोला.’’

‘‘मालकीणबाई,’’ मी म्हटलं, ‘‘भाडेकरूने तोट्या घट्ट केल्या तर चालतील ना?’’

‘‘त्या घराच्या. ब्लॉगच्या नाहीत.’’

ती गेली आणि मला वाटलं, चार दिवसांत याला घुसमटायला होणार. घुसमटला. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर हा फोन कानाला लावून गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत. मेहुणीने मला खुणेनेच सांगितलं, बसा, हे आता रोजचं आहे.

‘‘शीर्षक जरा निळं केलं तर?’’

पलीकडून काहीतरी.

‘‘फिकट निळं.’’

पलीकडून पुन्हा तेच.

‘‘अगं, कारण आहे. आज एक डॉक्टर अडकले होते. मोठे डॉक्टर. मी पोचल्यापासून आतून माझी नाडी बघा, माझी नाडी बघा. मी म्हटलं, डॉक्टर, मी दाराच्या बाहेर आहे, नाडी तुमची तुम्हालाच बघावी लागेल. तर म्हणाले, स्वतःची बघायला भीती वाटते. मग मी त्यांना मोजायला लावलं, आणि मी बाहेरून… काय? नाही, निळं म्हणजे त्यांचा शर्ट निळा होता. दार उघडल्यावर दिसलं. हो, सांगतो ना, थांब. मग ते मोजतायत, आणि मधेच त्यांचा फोन वाजला…’’

मी चप्पल घालून हळूच बाहेर पडलो. जिन्यापर्यंत त्याचा आवाज येत होता.

‘‘लिहितो, लिहितो. आधी रंगाचं काय ते सांग.’’